पितरांना खड्डे सोसत नाहीत

घंटी वाजली आणि रोह्याकडच्या निडी गावच्या मैदानात बसलेली सगळी माणसं एकदम उभी राहिली.

घंटी देवळातली नव्हती, गाडीतली होती. मैदानाच्या मधोमध मांडव घातला होता. मांडवात झेंडूच्या माळा घातलेली एक पांढरी परदेशी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, आणि तिच्या आतून टुंग, टुंग, टुंग असा आवाज येत होता. पुढच्या डाव्या सीटवर माणूस नव्हता. तिथे पितळेची मोठी घागर ठेवली होती आणि घागरीच्या खांद्यावर एक जुना कोट टाकला होता. कोट हैबतरावांच्या वडिलांचा. वडील वारून वर्ष झालं होतं.

“आले!” ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले रथानंद महाराज माईकमध्ये ओरडले. “हैबतराव, तुमचे वडील आले! समोर बघा, लाल दिवा लागला. दिव्यात बसलेला माणूस दिसतो का नाही? अरे कॅमेरा इकडे घे. दुबईवाल्यांना दाखव, नागपूरवाल्यांना दाखव.”

मोठ्या पडद्यावर गाडीतला तो लाल दिवा दिसला. दिव्यात खरंच बसलेल्या माणसाचं बारकं चित्र होतं. लोकांनी हात जोडले. हैबतराव म्हणजे रोह्यातले पोह्याच्या मिलचे मालक, आडदांड माणूस, कामगारांना आईबहिणीवरून बोलणारा. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता.

“रडू नका. जीव घाबरलाय त्यांचा. एवढ्या भारी गाडीत पहिल्यांदा बसलेत. तुमच्या हाताने त्यांना पट्टा बांधा.”

हैबतराव वाकले. कोटासकट घागरीभोवती त्यांनी सीटचा पट्टा घेतला आणि खटक्यात अडकवला. त्याच क्षणी घंटी थांबली. लाल दिवा विझला.

“शांत झाले,” महाराज हळू आवाजात म्हणाले.

मैदानभर माणसं रडायला लागली. माझ्या शेजारची एक बाई स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. आमची शेजारीण नमिता फोन उंच धरून सगळं टिपत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. माझी सासू इंदुबाई मांडीवर गाठोडं घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिचा उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला होता, आणि त्या पायाचा वास मला उभ्या जागी येत होता.

मग पैशाचं सुरू झालं. पडद्यावर गाडीचं रिकामं चित्र आलं. लोक जसजसे फोनवरून पैसे पाठवत तसतसं ते चित्र खालून वर भगवं होत जाई. चाकं केव्हाच भरली होती. दारं भरली होती. आता काचा भरायच्या होत्या आणि छप्पर.

“मला गाडी नको,” महाराज म्हणाले. “मी साधा माणूस. मला सायकल दिलीत तरी मी हसत जाईन. गाडी पितरांना पाहिजे. आपल्या माणसांनी जन्मभर काय भोगलं? एसटीत उभं राहून प्रवास केला. टेम्पोत मागे बसले. मुंबई-गोवा रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेतली. आता मेल्यावर तरी? पितरांना खड्डे सोसत नाहीत हो! ही गाडी भाड्याची आहे. उद्या मालक घेऊन गेला तर अर्ध्या वाटेत बसलेले आत्मे कुठे उतरवू मी? नागोठण्याला?”

लोक हसले नाहीत. हसावं असं कोणाला वाटलंच नाही. कोण कुठली माणसं, ज्यांनी या बुवाला कधी पाहिलं नव्हतं, ती आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो आणि पैसे पाठवत होती. महाराज फोटोतलं नाव वाचत, घागरीत तांब्याने पाणी ओतत, नाव घेत, परत ओतत. कधी घंटी वाजायची, कधी नाही. नाही वाजली तर महाराज मान हलवून म्हणत, “रुसलेत. तुम्ही मन मोकळं केलेलं नाही.” मग तो माणूस परत पैसे पाठवायचा, महाराज परत पाणी ओतायचे, आणि पितर यायचे.

या रथानंदाचं खरं नाव विशाल. आधी तो कोलाडला नदीवर पर्यटकांना रबरी होडीत बसवायचा. गळ्यात फुगीर जाकीट घालून सांगायचा, घाबरायचं नाही, घट्ट धरायचं, मी आहे. आता आत्म्यांना तेच सांगत होता. बदल एवढाच की होडीतला माणूस पाण्यात पडला तर बोंब मारायचा. आत्म्यांची तक्रार येत नाही.

त्या रविवारी मी त्या मैदानात का होतो ते सांगतो.

माझं नाव काळुराम. पेण तालुक्यात खाडीच्या बाजूला आमचं गाव. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करून निवृत्त झालो. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी, बायको हौसा आणि तिची आई इंदुबाई. सासरे लवकर गेले, हौसा एकुलती एक, म्हणून सासू आमच्याकडेच असते. मी तिला मामी म्हणतो.

हौसाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही शेजाऱ्याच्या व्हॅनमधून तिला पनवेलला न्यायला निघालो. वडखळजवळ रस्ता खोदलेला होता आणि पुढे एक कंटेनर आडवा झाला होता. गाडी हलेना. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. म्हणाली, “पाणी दे.” पाणी प्यायली. नंतर काही म्हणाली नाही.

दहाव्याला भोगावती नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवला नाही. झाडावर कावळे होते, बघत होते, खाली येईनात. लोक एकेक करून पुढे आले. सासूला सांभाळीन म्हण, असं मला कोणी म्हणालं, ते मी म्हटलं. घर विकणार नाही म्हण, तेही म्हटलं. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. मामी तिथेच बसून राहिली. माझ्या मते कावळ्यांचं पोट भरलेलं होतं, त्याच सकाळी काठावर आणखी दोघांचे पिंड झाले होते. मी मामीला ते सांगितलंही. ती म्हणाली, “जावई, तुमचा जीव दगडाचा हाय.”

तेव्हापासून तिचं जेवण कमी झालं. साखरेचं दुखणं आधीपासून होतं. पायाला चप्पल लागली, जखम झाली, जखम काळी पडली. आणि त्याच दिवसांत नमिताने तिला फोनवर रथानंद दाखवला. कावळा न शिवलेल्यांना हा महाराज गाडीत बसवतो, ही बातमी खाडीकडच्या गावांत वाऱ्यासारखी फिरली होती. दहाव्याला ज्यांच्या घरी असं झालं होतं ती सगळी घरं त्याने बरोबर हेरली. अशा घरात रडणं संपलेलं नसतं. तिथे पैसे मागायला जोर लागत नाही.

मी इंजेक्शनसाठी दिलेले पैसे मामी नमिताच्या हातात ठेवायची आणि नमिता ते महाराजांना पाठवायची. मला कळलं तेव्हा फ्रीजमध्ये इंजेक्शनची कुपी रिकामी होती आणि नमिताच्या फोनवर गाडीचं मागचं दार भरलेलं होतं.

“नमिता, तुला लाज नाय वाटली?” मी विचारलं.

“मी काय माझ्या घरात नेलं का काका? मावशीच्या पोरीसाठीच गेलं ना?”

“तिचा पाय सडतोय.”

“पाय इथला हाय. आत्मा वरचा,” नमिता म्हणाली. तिला वाटलं तिने मोठं ज्ञान सांगितलं.

पेणच्या डॉक्टर सुनीतीबाईंना मी घरी बोलावलं. त्या जुन्या जमीनदार घरातल्या. जमीन गेली, दवाखाना राहिला. बोलायला रोखठोक, आणि समोरच्याला वाईट वाटेल याची फिकीर न करणाऱ्या. त्यांनी फडकं सोडलं आणि एकेक बोट दाबून बघितलं.

“आजी, ही तीन बोटं गेलेली आहेत. लगेच कापली तर एवढ्यावर भागेल. उशीर केलात तर पाऊल जाईल, मग गुडघ्यापर्यंत. आणखी उशीर केलात तर तुम्ही.”

“हौसा सुटली का मग काप बाय.”

“हौसा कुठे अडकली आहे?”

“वडखळला,” मामी म्हणाली. “रस्त्यात उभी हाय ती. गाडी मिळत नाय तिला.”

“महाराजांनी सांगितलंय,” मामी पुढे म्हणाली, “पोर आईच्या पायाला धरून वर यायला बघते. पाय कापलात तर ती कशाला धरंल?”

“हे त्यांनी सांगितलं? तुमच्या पायाबद्दल?”

“व्हय. लाईव्हमध्ये माझं नाव घेऊन सांगितलं.”

सुनीतीबाई बाहेर ओटीवर आल्या. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. “काळुराम, तिला उचलून गाडीत घाला. ओरडू दे.”

“ओरडून मरंल ती. नाहीतर पनवेलला जाऊन ऑपरेशनची सही द्यायची नाय.”

शेवटी मामीनेच तोड काढली. रविवारी निडीला बैठक आहे. त्या बैठकीत हौसा गाडीत बसली, तिच्या हाताने हौसाला पट्टा बांधला, की तिथून सरळ दवाखान्यात येते म्हणाली. सुनीतीबाई म्हणाल्या, “रविवारी सकाळी माझी गाडी आणते. व्हॅनचे धक्के त्या पायाला नकोत.”

आमच्याकडे डॉक्टर घरी आला तर त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. रविवारी सुनीतीबाई आल्या तेव्हा मी आमच्या वावरातलं सगळ्यात मोठं कलिंगड आणून त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. मागच्या सीटवर मामीला आडवं केलं, तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. तिच्या पोटाशी हौसाचं हिरवं लुगडं होतं. बैठकीला मेलेल्या माणसाचं वस्त्र न्यावं लागतं.

गाव सोडून गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि आवाज सुरू झाला. टुंग. टुंग. टुंग.

मामीने मान उचलली. पुढे लाल दिवा लागला होता. बसलेला माणूस.

“बसली,” ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, “जावई, बसली बघा! हौसा पुढं बसली! बाय माझी, बस गो, बस!”

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. क्षणभर मी त्या सीटकडे बघितलं आणि मला तिचा अंबाडा दिसला.

“कलिंगड बसलंय, आजी,” सुनीतीबाई म्हणाल्या.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मागे वळल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागल्या. पुढच्या सीटच्या आत वजन ओळखणारी पट्टी असते. सीटवर वजन पडलं आणि पट्टा बांधलेला नसला की गाडी घंटी वाजवते आणि तो बसलेल्या माणसाचा दिवा लावते, म्हणजे माणसाने पट्टा बांधावा. गाडीला डोळे नाहीत. वजन माणसाचं आहे की बाजाराच्या पिशवीचं, तिला कळत नाही. “मी दर आठवड्याला तांदूळ नेते तेव्हा वाजते. मला वैताग येतो. मी पिशवीला पट्टा बांधते, मग गप्प बसते.”

त्यांनी कलिंगड उचलून खाली ठेवलं आणि गाडी थोडी पुढे नेली. आवाज नाही. परत सीटवर ठेवलं. टुंग, टुंग. कलिंगडाला पट्टा बांधला. खटका अडकला आणि आवाज बंद.

“शांत झालं,” सुनीतीबाई म्हणाल्या. चांगली बाई, पण त्या वेळी त्या थोड्या क्रूरच बोलल्या.

माझ्या डोक्यात नमिताच्या फोनवर बघितलेली महाराजांची घागर आली. रिकामी घागर ठेवायची. नाव घेत पाणी ओतत राहायचं. पुरेसं वजन झालं की पितर आले. कोणाचे पितर यायचे आणि कोणाचे रुसायचे, ते तांब्याने ठरवायचं. आणि महाराज स्वतः कायम पट्टा बांधून बसायचे. सारथ्याने नियम पाळावा, असं म्हणायचे. नाहीतर त्यांचीच घंटी वाजली असती.

“आता सरळ पनवेल?” सुनीतीबाईंनी विचारलं.

मामी सीटवरच्या कलिंगडाकडे बघत होती.

“नाय. निडीला चल.”

“आजी, आत्ता बघितलंत ना डोळ्यांनी?”

“ही गाडी बारकी हाय. हिला कलिंगड कळत असंल. ती मोठी हाय, तिला माणूस कळत असंल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “जावई, ते कलिंगड माझ्याकडं द्या.”

मी दिलं. निडी येईपर्यंत ती हौसाच्या लुगड्यात ते कलिंगड गुंडाळत होती. पदर वर येईल अशी घडी घातली.

मैदान भरलेलं होतं. आधी हैबतरावांची पाळी झाली, ती सुरुवातीला सांगितलीच. आमची पाळी आली तोवर पडद्यावर गाडीच्या काचा भरल्या होत्या, छप्पर तेवढं पांढरं होतं. महाराजांनी आम्हाला लांबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. सडक्या पायाची म्हातारी, लाईव्हवर. यापेक्षा चांगलं काय मिळणार?

“या इंदुबाई! रस्ता द्या आईला! मंडळी, बघा ही आई. एका पायाने आली, पण लेकीसाठी आली. तुमच्या दोन पायांचा काय उपयोग? निदान फोन उचला!”

मी मामीला उचलून गाडीपाशी नेलं, सुनीतीबाई मागोमाग आल्या. दार उघडं होतं. घागर बाजूला खाली होती, पुढच्या आत्म्यासाठी रिकामी केलेली. मामीने मला खुणेने वाकायला लावलं आणि लुगड्याचं गाठोडं स्वतःच्या हाताने सीटवर ठेवलं.

टुंग. टुंग. टुंग.

महाराज दचकले. मला ते स्पष्ट दिसलं. हातात तांब्या तसाच होता. मग लगेच त्यांनी स्वतःला सावरलं, कारण समोर कॅमेरा होता.

“घागर ठेवायच्या आधीच!” ते किंचाळले. “मंडळी, आजवर असं झालं नाही! केवढी घाई हौसाबाईला! बघा दिवा! आली, आली, वाऱ्यासारखी आली!”

लोक उभे राहिले. कोणीतरी शंख फुंकला.

“काय म्हणते? थांबा... म्हणते, आई, सीट किती मऊ आहे. म्हणते, माझ्या मालकांना सांग, रडू नका. छप्पर तेवढं राहिलंय, ते माझ्या मालकांनी भरावं.”

हौसाने जन्मात मला मालक म्हटलं नव्हतं. मला ‘ओ’ म्हणायची, आणि रागावली तर ‘ओ कंपनी’.

“हात लावा आई,” महाराज म्हणाले. त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. “घाबरायचं नाही. मी आहे. लेकीच्या गालावरून हात फिरवा.”

मामीने हात फिरवला. लुगड्यावरून, गोल, हळूहळू, तेल लावल्यासारखा. तिचे डोळे कोरडे होते. मग तिने बोटं दुमडली आणि टिचकीने वाजवून बघितलं, बाजारात बघतात तसं. माईक जवळच होता. भरीव, ओला, डब असा आवाज मैदानभर गेला.

“पिकलं हाय,” मामी म्हणाली.

आणि लुगडं ओढलं.

पडद्यावर, दुबईपासून नागपूरपर्यंत, पांढऱ्या गाडीच्या मऊ सीटवर आमच्या वावरातलं कलिंगड दिसलं. घंटी वाजतच होती. लाल दिव्यातला माणूस बसलेलाच होता.

“माझी हौसा कलिंगड हाय का रे?” मामीने विचारलं. ओरडून नाही. खरंच विचारल्यासारखं.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले. महाराजांनी माईक घट्ट धरला. “फळ... फळातसुद्धा आत्मा उतरतो! शास्त्रात आहे!”

“मग त्याला कापू का?” सुनीतीबाई पुढे झाल्या. त्यांनी कलिंगड उचललं. घंटी थांबली. “आत्मा गेला.” परत ठेवलं, घंटी वाजली. “आत्मा आला.” त्यांनी लोकांकडे तोंड करून पट्टीचं, वजनाचं, पट्ट्याचं सगळं दोन वाक्यांत सांगितलं. कलिंगड खाली उतरवून रिकामी घागर सीटवर ठेवली, वाजली नाही. तांब्याने पाणी ओतायला लागल्या. “कोणाचं नाव घेऊ? कोणाचंही सांगा. अजून जिवंत असलेल्याचं सांगा!”

“हैबतराव!” गर्दीतून कोणीतरी खोडी काढली.

“हैबतराव, या,” म्हणत त्यांनी आणखी दोन तांबे ओतले. टुंग, टुंग, टुंग. जिवंत हैबतराव मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा आत्मा गाडीत बसला होता.

मला वाटलं आता लोक त्या बुवाला धरतील. तसं झालं नाही.

हैबतराव पुढे आले आणि त्यांनी सुनीतीबाईंच्या हातातला तांब्या हिसकावून फेकून दिला. “माझा बाप शांत झाला होता,” ते म्हणाले. “वर्षभराने आज मला झोप लागली असती. तुला काय मिळालं गं हे करून?”

“तुम्ही घागरीला पट्टा बांधलात, हैबतराव.”

“असू दे घागर! तुला काय करायचंय?”

त्यांनी बाईंना ढकललं. त्या गाडीच्या दारावर आपटल्या. आणखी चार बायका त्यांच्यावर धावल्या. महाराज गाडीच्या दुसऱ्या दाराने उतरून कॅमेऱ्यासमोर हात जोडून उभे होते. “बघा मंडळी, धर्मावर हल्ला होतोय. मी काही बोलणार नाही. तुम्हीच उत्तर द्या.” आणि लोक उत्तर देत होते. मी डोळ्यांनी पाहिलं. सीटवर पाण्याची घागर ठेवलेली असताना, घंटी वाजत असताना, पडद्यावरच्या चित्राचं छप्पर भगवं होत होतं. ज्यांनी सगळं बघितलं होतं तेच पाठवत होते.

आम्ही मामीला उचललं आणि निघालो. कलिंगड तिथेच राहिलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे आहे, साहेबांनी तो वाचलेलाही आहे. चौकशी चालू आहे. विशालची, म्हणजे रथानंदाची, गाडीही आली आहे, त्याच्या नावावर, पितरांच्या नाही. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात बैठका घेतो. बैठकीचा नवा नियम त्याने फोनवर जाहीर केला आहे: गाडीजवळ फळ आणू नये, पितरांना चालत नाही.

पनवेलला मामीचा पाय गुडघ्याच्या खाली कापला. बोटांवर भागण्याचे दिवस त्या गाडीच्या दारांत आणि काचांत गेले होते. शुद्धीवर आल्यावर तिने चादर उचलून बघितलं आणि परत टाकली.

नमिता भेटायला आली. डोळ्यांत पाणी घेऊन आली, पण जीभ तीच होती. “मावशी, कापलेल्या पायाची शांती करून घ्या हो. नाहीतर तो भटकत राहतो म्हणतात.”

“भटकू दे गो,” मामी म्हणाली. “माझ्यापेक्षा बरा चालंल.”

नमिता गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. मग तिने विचारलं, “जावई, मग आता हौसा कुठं हाय?”

मला गोड बोलता आलं असतं. आभाळात हाय, आपल्यात हाय, असं काही. त्या बुवाचं काम तसंच गोड बोलून चाललं होतं.

“कुठंच नाय, मामी. मेली ती.”

ती रडायला लागली. मोठ्याने, वॉर्डातल्या लोकांनी माना वळवाव्यात अशी. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदा लेकीसाठी रडत होती. तोवर ती रडायची ती कावळ्यासाठी, गाडीसाठी, छपरासाठी. बुवाने पैसे घेतले, पाय घेतला, आणि तिचं रडणंही अडवून ठेवलं होतं. मीही रडलो. नर्स आली, आमच्याकडे बघून परत गेली. नंतर मामीने अर्धी वाटी भात खाल्ला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमचं माणूस गेलं असेल तर तुमचं मन हळवं झालेलं असणार, आणि हळव्या मनाचा पत्ता या लोकांना आधी कळतो. फोनवर कोणी अनोळखी माणूस तुमच्या मेलेल्याच्या नावाने गाडी मागत असेल तर एक करा. ओळखीच्या कोणाच्याही नव्या गाडीत पुढच्या सीटवर तांदळाची गोण ठेवा आणि घंटी ऐका. ऐकल्यावरही पैसे पाठवावेसे वाटले तर स्वतःला विचारा की ते कोणासाठी पाठवताय. घरात कोणाला जखम असेल तर फडकं सोडून बघा, आणि आजच डॉक्टरांना दाखवा. मेलेल्या माणसाला गाडी लागत नाही. जिवंत माणसाला लागते, वेळेवर पोचायला.